ई स्ट्रीट ते मेडोलँड्स

बुधवार, ३० ऑगस्ट २०२३ : एडिसन

मी न्यू जर्सीत उतरले त्याच संध्याकाळी ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्यांचा ई स्ट्रीट बँड यांच्या तीन कार्यक्रमांपैकी पहिला होता. आमची तिकिटे रविवारच्या, म्हणजे शेवटच्या कार्यक्रमाची होती आणि मधले दिवस मी मुद्दाम रिकामे ठेवले होते. हा बँड ज्या गावांत घडला, मोडला आणि १९९९ साली पुन्हा उभा राहिला, ती गावे पाहून झाल्यावरच त्यांना ऐकायचे, असे मनाशी ठरवूनच मी निघाले होते.

माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, एडिसनला राहतो. या भागात मराठी घरे इतकी आहेत की ओक ट्री रोडवर भाजी घेताना मागून कुणी "थालीपीठाची भाजणी आहे का?" असे विचारले तरी मान वळवून पाहावेसे वाटत नाही. या प्रवासात दादाइतका योग्य सोबती मला मिळाला नसता. ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क दौऱ्यातला कार्यक्रम झाला, तेव्हा पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने मित्रांबरोबर तिथे गेलेल्यांपैकी तो एक. स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्डूर आणि स्प्रिंगस्टीन असे सगळे एका संध्याकाळी ऐकायला मिळाले होते. त्यानंतर १५ ऑक्टोबरला ब्युनोस आयर्समध्ये तो दौरा संपला आणि त्याबरोबर ई स्ट्रीट बँडचे पहिले आयुष्यही संपले, हे मात्र त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते.

बँड मोडला तो भांडणातून नव्हे. ऑक्टोबर १९८९मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी एकेका वादकाला दूरध्वनी करून सांगितले की आता आपण दुसऱ्या लोकांबरोबर काम करून पाहणार आहोत आणि यापुढे तुम्ही मोकळे आहात. सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स तेव्हा रिंगो स्टार यांच्या बँडबरोबर जपानमध्ये होते आणि गिटारवादक निल्स लॉफग्रेनही त्याच दौऱ्यावर होते. सतरा-अठरा वर्षे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, त्यांना परमुलखातल्या हॉटेलच्या खोलीत असा निरोप मिळणे किती जिव्हारी लागले असेल, हे समजायला संगीतकार असण्याची गरज नाही. निर्णय घेण्याचा स्प्रिंगस्टीन यांना पूर्ण अधिकार होता. करार त्यांच्या नावाने, पगार देणारे ते आणि गाणीही त्यांचीच. पण या अधिकाराने एका माणसाचे काम चालते, त्याने बँड होत नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला पुढची दहा वर्षे जावी लागली, असे मला वाटते.

रात्री जेवताना दादाला विचारले, "तू तेव्हा दिल्लीत पाहिलेस, त्यातले आता काय आठवते?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "क्लॅरन्स. इतका मोठा माणूस आणि तो स्प्रिंगस्टीनकडे मान वळवून असा बघत होता, जणू पुढचा सूर त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला आहे."

गुरुवार, ३१ ऑगस्ट : फ्रीहोल्ड

एडिसनहून नऊ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की तासाभरात फ्रीहोल्ड येते. मॉनमथ परगण्याचे हे मुख्य गाव असल्यामुळे न्यायालय, वकिलांच्या पाट्या आणि जुन्या विटांच्या इमारती असे सगळे सरकारी वळणाचे आहे, आणि पर्यटकाला थांबवून ठेवील असे फारसे काही नाही. स्प्रिंगस्टीन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४९चा, लाँग ब्रँचच्या रुग्णालयातला, पण बालपण सारे इथले. सेंट रोझ ऑफ लिमा हे कॅथलिक चर्च आणि त्याला लागून असलेली शाळा आजही आहे, आणि त्यांचे घराणे त्या चर्चच्या सावलीतच राहत होते. वडिलांनी काराघ्यूझियन यांच्या गालिच्याच्या गिरणीत काम केले, तुरुंगात रखवालदारी केली, बस चालवली. आई वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरी होती आणि घर तिच्या नियमित पगारावर उभे होते. गिरणी गेली तेव्हा गावाचे काय झाले असेल, हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

फ्रीहोल्डला यायचे माझे कारण मात्र स्प्रिंगस्टीन यांच्या घरापेक्षा त्यांचा पहिला बँड हे होते. १९६५ साली इथल्या काही पोरांनी 'द कॅस्टील्स' नावाचा बँड काढला होता. त्यातला जॉर्ज थीस हा गायक-गिटारवादक स्प्रिंगस्टीन यांच्या बहिणीच्या ओळखीतून घरी येत असे आणि त्याच्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या ब्रूसला त्या बँडमध्ये जागा मिळाली. शाळांची स्नेहसंमेलने, स्केटिंगचे हॉल, तरुणांचे क्लब, जिथे बोलावतील तिथे ही मुले वाजवत. ड्रम वाजवणारा बार्ट हेन्स सैन्यात गेला आणि १९६७च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. १९६८मध्ये बँड विरला, प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. जॉर्ज थीस यांचे २०१८ साली निधन झाले तेव्हा त्या बँडमधले स्प्रिंगस्टीन हे एकटेच हयात उरले.

त्या मृत्यूनंतर त्यांनी लिहिलेली गाणी घेऊन नोव्हेंबर २०१९मध्ये त्यांनी आपल्या कोल्ट्स नेकच्या घरच्या स्टुडिओत ई स्ट्रीट बँडला बोलावले आणि सगळ्यांनी एकाच खोलीत एकत्र वाजवून काही दिवसांत पुरा अल्बम ध्वनिमुद्रित केला. 'लेटर टू यू' या नावाने तो २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आला. कोल्ट्स नेक फ्रीहोल्डपासून जेमतेम काही मैलांवर आहे. जगभर फिरून आलेल्या माणसाने अखेर आपल्या गावाजवळच घर बांधावे आणि त्याच गावात मिळालेल्या पहिल्या सोबत्याच्या आठवणीसाठी नंतरच्या सोबत्यांना गोळा करावे, यात मला या साऱ्या कहाणीचा कणा दिसतो. म्हणून आम्ही न्यायालयासमोरच्या बाकावर बसून तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. दादाने एक हेडफोन घेतला, एक मी. त्यानंतर गावात आणखी हिंडण्याची इच्छा उरली नाही आणि आम्ही परतलो.

शुक्रवार, १ सप्टेंबर : बेल्मार आणि ॲसबरी पार्क

सोमवारी लेबर डे असल्यामुळे समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी सगळी न्यू जर्सी सकाळीच गार्डन स्टेट पार्कवेवर उतरली होती. या सुट्टीबरोबर इथला उन्हाळा संपल्यात जमा होतो.

बेल्मारमध्ये समुद्राला समांतर गल्ल्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत आणि त्यांना छेदणाऱ्या रस्त्यांना आकड्यांची. त्यामुळे 'ई' स्ट्रीट आणि दहावा ॲव्हेन्यू जिथे मिळतात तो कोपरा शोधायला नकाशा लागत नाही. खांबावर हिरव्या रंगाच्या दोन पाट्या एकमेकींवर काटकोनात बसवलेल्या आहेत. एका पाटीवर बँडचे नाव आहे आणि दुसरीवर त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याचे, असे ज्याला माहीत आहे तो खाली उभा राहून मान वर करतो. ज्याला माहीत नाही तो वाट ओलांडून निघून जातो. आम्ही उभे असताना एक बाई आपल्या कुत्र्याला घेऊन आली, आमच्याकडे पाहून ओळखीचे हसली आणि फोटोत सावली पडू नये म्हणून स्वतःहून बाजूला झाली. याच गल्लीत कीबोर्डवादक डेव्हिड सँशस यांच्या आईचे घर होते आणि बँडचे नाव या गल्लीवरूनच पडले. सँशस १९७४च्या उन्हाळ्यातच बँड सोडून गेले, पण नाव मात्र त्यांच्या आईच्या गल्लीचे राहिले.

तिथून उत्तरेला काही मैलांवर ॲसबरी पार्क आहे. जेम्स ब्रॅडली यांनी १८७१ साली वसवलेले हे समुद्रकाठचे विहारस्थळ एके काळी ऐश्वर्यात होते. कन्व्हेन्शन हॉल आणि त्याला जोडलेले पॅरामाउंट थिएटर ही बोर्डवॉकवरची भव्य वास्तू १९२०च्या दशकाअखेरीस बांधली गेली, आणि तिचे वास्तुरचनाकार वॉरन आणि वेटमोर हे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या रचनाकारांपैकी होते. जुलै १९७०मध्ये इथे वांशिक दंगल झाली, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला स्प्रिंगवुड ॲव्हेन्यू जळाला आणि पुढची तीस वर्षे गाव उतरणीला लागले. ई स्ट्रीट बँड नेमका या पडझडीच्या काळात घडला आहे. काळे आणि गोरे वादक एका रंगमंचावर, तेही या गावात, हे दृश्य त्या काळी साधे नव्हते, आणि क्लेमन्स यांच्या खांद्यावर रेललेले स्प्रिंगस्टीन ज्या अल्बमच्या वेष्टनावर दिसतात, ते १९७५चे छायाचित्र पाहताना ही दंगल आठवायला हवी.

कुकमन ॲव्हेन्यूवर एका जोड्यांच्या दुकानावरच्या मजल्यांत १९६८ ते १९७१ या काळात 'अपस्टेज' नावाचा क्लब चाले. दारू मिळत नसे, पण पहाटेपर्यंत वाजवायला मुभा होती. दुसरीकडची कामे उरकून गावातले वादक मध्यरात्रीनंतर इथे जमत आणि ज्याच्याशी जमेल त्याच्याशी वाजवत. ऑर्गनवादक डॅनी फेडरिची, ड्रमर व्हिनी लोपेझ, बास वाजवणारे गॅरी टॅलेंट हे सगळे स्प्रिंगस्टीन यांच्याबरोबर या वर्तुळात होते, आणि त्यांच्या आधीपासूनच्या ओळखीचे गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट हेही. पियानोवादक रॉय बिटन आणि ड्रमर मॅक्स वाइनबर्ग हे दोघे मात्र १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकातली जाहिरात वाचून आले आणि मग कायमचेच राहिले. मैत्रीतून आलेले आणि जाहिरातीतून आलेले, अशी ही सरमिसळ आहे. पुढे यातला भेद कुणाला सांगता आला नसता, हे मला या बँडचे मोठेपण वाटते.

जेवणानंतर आम्ही बोर्डवॉकवर गेलो. स्टोन पोनी हा १९७४पासूनचा क्लब कोपऱ्यावर आहे आणि समोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. तिथे आम्ही फार थांबलो नाही. मला जायचे होते ते कन्व्हेन्शन हॉलपाशी. दारे बंद होती. मी समुद्राच्या बाजूने जाऊन भिंतीला पाठ लावून वाळूत बसले, कारण १९९९च्या मार्चमध्ये कडाक्याच्या थंडीत लोक असेच बाहेर उभे राहून आतल्या तालमी ऐकत होते.

त्या तालमींची हकिकत स्प्रिंगस्टीन यांनी २०१६च्या आत्मचरित्रात लिहिली आहे आणि मला ती या पुनर्मीलनातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. दहा वर्षांनी सगळे पुन्हा एकत्र आले होते, सगळ्यांना गाणी पाठ होती, हात बसलेले होते, पण सूर लागत असूनही जीव येत नव्हता. आपण एक जुनी वस्तू पुसूनपासून मांडून ठेवतो आहोत की काय, ही शंका खुद्द त्यांनाच छळू लागली. मग एके दिवशी त्यांनी बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या लोकांना आत घ्यायला सांगितले, समोर माणसे येऊन उभी राहिली, बँडने सुरुवात केली आणि जे हरवले होते ते त्या क्षणी सापडले. १८ आणि १९ मार्चला याच हॉलमध्ये लोकांसाठी तालमीचे दोन खुले प्रयोग झाले आणि ९ एप्रिलला बार्सिलोनात दौरा सुरू झाला.

ही हकिकत मी अनेकदा वाचली होती, पण त्या भिंतीपाशी बसल्यावर एक गोष्ट नव्याने जाणवली. इथे समुद्र इतका जवळ आहे की भरतीच्या वेळी लाटांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही. त्या आवाजावर मात करून भिंतीतून जे काही येत असेल, त्यात ड्रम आणि बास यांचा ठेकाच आधी पोहोचत असणार, गायकाचा आवाज सर्वांत शेवटी. बाहेर थांबलेल्यांनी पहिल्यांदा ओळखला असेल तो बँड.

आपल्याकडेही मैफलीच्या जाहिरातीत गायकाचे नाव ठळक आणि तबला-पेटीच्या साथीची नावे खाली बारीक अक्षरांत छापतात, आणि तरीही जाणकार श्रोता आधी साथीला कोण आहे ते विचारतो. स्प्रिंगस्टीन यांच्या बाबतीत हा प्रश्न त्याच मार्च महिन्यात उघडपणे पुढे आला होता. १५ मार्च १९९९ला न्यूयॉर्कमध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल करून घेतले गेले, ते एकट्यांना. बँडसह प्रवेश मिळावा म्हणून आग्रह धर, असे व्हॅन झँट त्यांना आधीच सांगत होते, आणि आपण मात्र एकट्यानेच जायचे ठरवले होते, हे स्प्रिंगस्टीन यांनी स्वतः पुढे २०१४ साली भर सभेत सांगितले. त्या वर्षी ई स्ट्रीट बँडलाही तो मान मिळाला. पण तोवर फेडरिची आणि क्लेमन्स दोघेही हयात नव्हते. या पंधरा वर्षांच्या उशिराबद्दल मला वाईट वाटते आणि त्यासाठी कोणतीही सबब मला पटत नाही.

शनिवार, २ सप्टेंबर : एडिसन

आज कुठेच गेलो नाही. वहिनींनी शेजारच्या दोन मराठी कुटुंबांना जेवायला बोलावले होते आणि दुपार त्यात गेली. "तुम्ही दोघे त्या बँडबद्दल असे बोलता जसे घरातल्या वाटण्यांबद्दल बोलावे," असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरेच आहे, कारण प्रश्न तोच आहे: एकत्र राहायचे तर कोणत्या अटींवर.

संध्याकाळी दादाकडे असलेला १९९५च्या ध्वनिमुद्रणाचा माहितीपट पाहिला. त्या वर्षी जानेवारीत स्प्रिंगस्टीन यांनी निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी काही नवी गाणी हवीत म्हणून बँडला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावले होते. ती भेट खरी होती, चेहऱ्यांवर आनंद होता, पण त्यातून दौरा उभा राहिला नाही. संग्रह आला, त्याच वर्षाच्या शेवटी स्प्रिंगस्टीन यांचा एकट्याचा, अगदी शांत अल्बम आला आणि वादक पुन्हा आपापल्या कामाला लागले. वाइनबर्ग तर १९९३पासून कोनन ओब्रायन यांच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे बँडप्रमुख होते. १९९५ला बोलावणे आले ते एका कामापुरते. १९९९ला जे बोलावणे आले ते वेगळे होते, आणि ते वेगळे का होते हे मला दोन गोष्टींवरून कळते.

पहिली गोष्ट गिटारवादकांची. व्हॅन झँट १९८४मध्ये बँड सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी लॉफग्रेन आले होते. १९९९ला व्हॅन झँट परतले तेव्हा लॉफग्रेन यांना जागा रिकामी करायला सांगणे सोयीचे झाले असते. तसे झाले नाही. दोघेही राहिले, स्प्रिंगस्टीन धरून तीन गिटार झाल्या आणि त्यानुसार प्रत्येकाने आपला वाटा नव्याने ठरवला. १९८४पासून गाणाऱ्या पॅटी स्कॅल्फा, ज्यांच्याशी स्प्रिंगस्टीन यांनी १९९१मध्ये विवाह केला, त्याही होत्याच. तुटायच्या आधीचा बँड जसाच्या तसा परत आणण्याचा हट्ट कुणी धरला नाही. मधल्या काळात जे आले होते त्यांनाही घरचे मानले गेले.

दुसरी गोष्ट नव्या गाण्यांची. दौऱ्यासाठी स्प्रिंगस्टीन यांनी एक नवे गाणे लिहिले आणि कार्यक्रमाच्या अखेरीस, जिथे लोकांना हमखास जुने गाणे हवे असते तिथे, ते ठेवले. आणखी एक नवे गाणे दौरा संपता संपता जून २०००मध्ये अटलांटात प्रथम गायले गेले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ४१ गोळ्या झाडून मारलेल्या अमादू डियालो या निःशस्त्र तरुणाबद्दलचे ते गाणे होते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या शेवटच्या दहा कार्यक्रमांवर पोलिसांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि तरीही ते गाणे तिथे वाजले. २००२ साली या बँडसह 'द रायझिंग' आला, संपूर्ण बँड असलेला अठरा वर्षांतला पहिला स्टुडिओ अल्बम. आठवणी उजळून तिकिटे विकण्यापुरते हे एकत्र येणे असते तर यातले काहीच घडले नसते.

रविवार, ३ सप्टेंबर : ईस्ट रदरफर्ड

मेट्रोपार्कहून गाडीने सिकॉकस आणि तिथे बदलून मेडोलँड्स, असा स्टेडियमचा मार्ग आहे. ही दुसरी गाडी फक्त कार्यक्रमांच्या दिवशी धावते. आत पारदर्शक पिशवीच नेता येते, म्हणून वहिनींनी सकाळीच एक प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यात पाणी, चष्मा आणि दादाच्या गोळ्या नीट भरून ठेवल्या होत्या. ऊन फार कडक होते. गाडीत आमच्या समोर एक आजोबा होते, त्यांच्या अंगात १९८१ सालचा विटलेला बनियन होता आणि शेजारी पंधरा वर्षांची नात.

स्थानकातून बाहेर पडल्यावर स्टेडियमकडे वळण्याआधी मी रस्त्यापलीकडे पाहिले. तिथे १९८१ साली बांधलेले बंदिस्त क्रीडागृह आहे. त्याचे उद्घाटनच स्प्रिंगस्टीन आणि ई स्ट्रीट बँड यांच्या सहा कार्यक्रमांनी झाले होते आणि १९९९च्या जुलै-ऑगस्टमध्ये, पुनर्मीलनाच्या दौऱ्यात, इथेच त्यांनी एकामागोमाग १५ कार्यक्रम केले. युरोपातून घरी परतल्यावरचे अमेरिकेतले ते पहिले कार्यक्रम. २०१५पासून ते प्रेक्षकांना बंद आहे. इकडे ज्या जागी जुने जायंट्स स्टेडियम होते, त्याच्या शेजारी आता ८२ हजारांहून जास्त आसनांचे मेटलाइफ आहे. जुने स्टेडियम पाडण्यापूर्वी २००९मध्ये त्याला निरोप देणारे कार्यक्रमही याच बँडने केले होते. एका बँडचे आयुष्य तीन वास्तूंच्या आयुष्यापेक्षा लांब ठरले आहे.

कार्यक्रमाचे वर्णन गाण्यांच्या क्रमाने करण्यात मला रस नाही. ती यादी सर्वत्र मिळते. मी पाहायला आले होते ते एकमेकांकडे पाहणे. आमच्या जागा वरच्या मजल्यावर होत्या, पण मोठ्या पडद्यांवर हात आणि चेहरे स्पष्ट दिसत. गाणे संपले की टाळ्यांसाठी थांबायचे नाही, शेवटचा झंकार विरण्याआधीच स्प्रिंगस्टीन चार आकडे मोजतात आणि पुढचे गाणे सुरू होते. या चार आकड्यांच्या आधी एक अगदी लहान क्षण असतो. त्यात वाइनबर्ग यांची नजर स्प्रिंगस्टीन यांच्या पाठीवर खिळलेली असते. पडद्यावर मी तेच पाहत राहिले. खांदा किंचित उचलला, हात मागे गेला, बोटे मिटली आणि त्याच क्षणी ड्रमची काठी खाली आली. गेली अनेक वर्षे वाइनबर्ग यांच्या हातांवर शस्त्रक्रिया होत आल्या आहेत, वय ७२, आणि संपूर्ण कार्यक्रमात ते ठेक्याच्या मागे एकदाही पडले नाहीत. गॅरी टॅलेंट तर जवळजवळ हललेच नाहीत. १९७२पासून या बँडमध्ये असलेला तो माणूस एका जागी उभा राहून सगळ्यांच्या पायाखालची जमीन धरून होता.

मध्यावर स्प्रिंगस्टीन यांनी बँडला थांबवले आणि जॉर्ज थीस यांची गोष्ट सांगितली. फ्रीहोल्डमधली पोरे, पहिला बँड, मग मित्राच्या मृत्यूशय्येपाशी बसणे आणि आता आपण एकटेच उरलो आहोत हे कळणे. त्यानंतर 'लास्ट मॅन स्टँडिंग' हे गाणे झाले. दादाने माझा हात धरला. आम्ही गुरुवारी ज्या बाकावर बसलो होतो तिथून हे सगळे सुरू झाले होते, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

दहाव्या ॲव्हेन्यूचे गाणे आले तेव्हा पडद्यावर क्लेमन्स आणि फेडरिची दिसू लागले. क्लेमन्स १८ जून २०११ला गेले, फेडरिची १७ एप्रिल २००८ला. फेडरिची आजारी असताना महिनाभर आधी इंडियानापोलिसच्या कार्यक्रमात येऊन ॲकॉर्डियन वाजवून गेले होते आणि तेच त्यांचे शेवटचे. सॅक्सोफोन आता क्लेमन्स यांचे पुतणे जेक वाजवतात आणि ऑर्गनवर चार्ली जॉर्डानो असतात. जेक यांनी २०१२ला सुरुवात केली तेव्हा तुलना होणारच होती. माझे मत असे की त्यांनी काकांचे सूर जसेच्या तसे वाजवायचे ठरवले हे बरोबर केले, कारण त्या गाण्यांत सॅक्सोफोनची जागा ही गायनाचाच भाग आहे; ती बदलणे म्हणजे शब्द बदलणे होईल. पडद्यावर काका आणि खाली पुतण्या, असे काही क्षण एकत्र दिसले तेव्हा आसपासची माणसे उभी राहून रडत होती आणि मीही त्यांतच होते.

शेवटी बँड आत गेल्यावर स्प्रिंगस्टीन यांनी एकट्याने गिटारवर एक गाणे म्हटले, तेही मृत सोबत्यांना उद्देशून. ७३ वर्षांचा तो माणूस जवळजवळ तीन तास उभा राहून गायला होता.

गाडीसाठी खूप मोठी रांग होती. त्या रांगेत दादाचा आणि माझा वाद झाला. त्याचे म्हणणे असे की १९८९ला तोडलेच नसते तर क्लॅरन्स आणि डॅनी यांच्याबरोबरची आणखी दहा वर्षे या माणसांना आणि आपल्यालाही मिळाली असती, आणि ती दहा वर्षे कुणीही भरून देऊ शकत नाही. मला ते नाकारता आले नाही. तरीही मी त्याला म्हटले की न तुटता चालत राहिलेला बँड १९९९पर्यंत कदाचित सवयीचा होऊन गेला असता; कन्व्हेन्शन हॉलमध्ये ज्या दिवशी सूर सापडला, त्या दिवशी प्रत्येकाने, पगार देणाऱ्यानेही, स्वतःच्या इच्छेने परत यायचे ठरवले होते. दादा म्हणाला, "तुझे म्हणणे तुझ्यापाशी. मला ती दहा वर्षे हवी होती." सिकॉकस येईपर्यंत आम्ही यावर बोलत होतो आणि एकमत झाले नाही.

बुधवारी, मी परतीच्या विमानाची बांधाबांध करत असताना, बातमी आली की जठराच्या व्रणामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने स्प्रिंगस्टीन यांचे सप्टेंबरचे सर्व कार्यक्रम पुढे ढकलले आहेत. महिनाअखेरीस त्या वर्षाचे उरलेले कार्यक्रमही पुढे गेले. १९ मार्च २०२४ रोजी फिनिक्समध्ये दौरा पुन्हा सुरू झाला, त्याच बँडसह. दादाने ती बातमी मला पहाटेच पाठवली आणि खाली लिहिले होते, "पुढचे तिकीट कधीचे काढू?"